मगदूम विरुद्ध विमा कंपनी

योग्य वेळी योग्य शब्द मिळाला तर माणसाचा जीव वाचतो, असं माझं ठाम मत आहे. मी मराठीचा प्राध्यापक होतो, त्यामुळे या मतावर माझा पगारही अवलंबून होता. पण २०१२ च्या एप्रिलमध्ये, एका मंगळवारी दुपारी, मी पारखून निवडलेला एक अत्यंत योग्य शब्द वाचून एका गृहस्थांनी आपल्या खुबा मोडलेल्या बायकोला दवाखान्यातून उचलून हाडवैद्याकडे न्यायचं ठरवलं. तेव्हापासून मी हे मत फक्त सेमिनारमध्ये मांडतो.

फोन बेडग्यांचा होता. बेडगे म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेचे मॅनेजर.

"सर, तुमचा वाचक सापडला," ते म्हणाले.

मला आधी आनंदच झाला. त्याचं कारण सांगायला हवं. आदल्या वर्षी पतसंस्थेनं आपल्या चारशे सभासदांसाठी आरोग्य विमा घेतला होता. प्रत्येकाला एक कार्ड मिळालं. त्या कार्डाचं काय करायचं हे कोणालाच कळलं नव्हतं. एकानं ते औषधाच्या दुकानात दाखवून खोकल्याच्या बाटलीवर सूट मागितली. एका बाईंनी लॅमिनेशन करून देव्हाऱ्यात ठेवलं. कंपनीचं बत्तीस पानी इंग्रजी पुस्तक होतं, ते बेडग्यांच्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली होतं. तेव्हा संचालक मंडळानं ठराव केला की सभासदांना विमा समजेल अशा सोप्या मराठीत एक पत्रिका काढावी आणि ती सरांकडून लिहून घ्यावी.

मी दिवाळीची सुट्टी त्यात घातली. पत्रिका आठ पानांची झाली. नाव दिलं, 'आरोग्य विमा : स्वरूप, व्याप्ती आणि कार्यपद्धती'. माझ्या मते हे हलकंफुलकं नाव होतं. पॉलिसी घेतल्यानंतर काही आजारांचा खर्च ठरावीक महिने मिळत नाही, त्याला मी 'प्रतीक्षा कालावधी' म्हटलं. एका सभासदानं बेडग्यांना विचारलं की प्रतीक्षा करायची त्या ठिकाणी पंखा आहे का. दवाखान्याचं बिल कंपनी परस्पर भागवते, त्याला मी 'रोकडविरहित उपचार' म्हटलं. त्याचा अर्थ काही जणांनी दवाखान्यात सुट्टे नसतात असा घेतला. आणि दवाखान्यात गेल्यावर कंपनीकडे जो क्लेम करायचा, त्याला मी म्हटलं, 'दावा'.

या शब्दावर मी खूष होतो. दोनच अक्षरं. मूळ अरबी, पण आपल्याकडे इतकी वर्षं राहिलेला की त्याला पाहुणा म्हणवत नाही.

हजार प्रती छापल्या. पाच महिन्यांत एकाही माणसानं ती पूर्ण वाचल्याचं माझ्या कानावर आलं नव्हतं.

"कोण वाचक?" मी विचारलं.

"मगदूमांकडचं प्रकरण आहे. डॉक्टर आवटींच्या दवाखान्यात जा लगेच. त्यांच्या मिसेस काल मिरचीच्या कांडपावर पडल्या, खुब्याचं हाड मोडलंय. उद्या सकाळी ऑपरेशन ठरलंय. कंपनीचा फॉर्म पाचच्या आत जायला पाहिजे. मगदूम सही करत नाहीत."

"का?"

"ते म्हणतात, सरांची पत्रिका वाचली, म्हणून करत नाही."

दवाखान्यात पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. पहिल्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड, त्याच्या दाराला हिरवा पडदा, आणि पडद्याच्या अलीकडे बोळात एक टेबल. टेबलामागे नाझनीन मुजावर नावाची मुलगी बसली होती. विम्याचे सगळे कागद तिच्याकडे. समोरच्या बाकावर एक ताठ, सडपातळ गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. हातात माझी पत्रिका आणि लाल पेन्सिल.

"हे तुम्हीच लिहिलंय न्हवं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला आयुष्यात फार थोड्या वेळा विचारला गेला आहे. मी हो म्हणालो आणि जरा सावरून बसलो.

"मी तातोबा मगदूम. चांगलं लिहिलंय. पान तीनपर्यंत माझी काही हरकत नाही." त्यांनी पान उलटलं. "पान चार. 'रुग्णालयात भरती झाल्यापासून चोवीस तासांच्या आत दावा दाखल करावा.'"

'दावा' या शब्दाखाली लाल पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"मग आम्ही नाही करत."

"अहो, पण का?"

"सर, दिवाणी कोर्टात तेहतीस वर्षं शिपाई होतो मी. पुकारा मी करायचो. वादीचं नाव तीनदा, प्रतिवादीचं नाव तीनदा. दावा म्हणजे काय ते तुम्ही मला सांगू नका." ते शांतपणे बोलत होते, ठरवून आल्यासारखे. "एक दावा सांगतो तुम्हाला. बांधावरच्या आंब्याचा. वादी पहिल्या तारखेला आला तेव्हा त्याचं लग्न ठरायचं होतं. निकालाला आला तेव्हा बोटाला नातू होता. मधल्या मधी आंबा वठला."

"मग निकाल कुणाच्या बाजूनं लागला?" नाझनीननं विचारलं.

"आंब्याच्या तरी न्हाई." त्यांनी पत्रिका मिटली. "डॉक्टर म्हणतात, खुब्याचं हाड लवकर बसवायला पाहिजे, नाहीतर ही अंथरुणालाच खिळणार. म्हणजे आज दावा लावायचा, मग नोटीस, मग प्रतिवादीचं म्हणणं, मग तारीख. हिचा खुबा तेवढा थांबायचा नाही. नदीपलीकडं एक हाडवैद्य आहे. पुतण्याची जीप खाली उभी हाय. पाचपर्यंत तुमचं काय होतंय बघा, नाहीतर आम्ही निघालो."

ऑपरेशनला लाख-सव्वा लाख लागणार होते आणि ते त्यांच्याकडे नव्हते, हे त्यांनी सांगितलं नाही. नाझनीननं मला नंतर हळूच सांगितलं. हाडवैद्य काय करतो तेही सांगितलं. तो बांबूच्या कामट्या बांधतो. हाताला कधी कधी गुण येतो, खुब्याला कामट्या बांधता येत नाहीत.

"काका, हा तसला दावा नाही हो," ती म्हणाली. तिनं हे सकाळपासून बऱ्याचदा म्हटलं असावं.

"तसला आणि असला, असं दाव्यात नसतं बाळ. दाव्याला एक वादी लागतो, एक प्रतिवादी. वादी आम्ही. प्रतिवादी कंपनी. बरं, कंपनीनं आमचं काय वाकडं केलंय? हिच्या वाढदिवसाला मेसेज पाठवला. पोरगा पुण्यात असतो, तो विसरतो. कंपनी विसरली नाही. त्यांच्यावर दावा लावू?"

मी माझी चूक ओळखली. चूक शब्दाची होती, आणि शब्द हा माझा धंदा. दुसरा शब्द दिला की काम झालं, असं मला वाटलं.

"तातोबा, दावा राहू दे. आपण त्याला मागणी म्हणू."

ते माझ्याकडे बघत राहिले. "साठीच्या बाईनं कंपनीला मागणी घालायची?"

"स्थळ चांगलं असलं तर बघा की," पडद्याआडून एक आवाज आला.

"तू गप पड," तातोबा पडद्याला म्हणाले. मग मला, "ही आमची अक्काताई. ऐकू सगळं येतं तिला."

"मग भरपाई म्हणू," मी म्हणालो.

"नुकसानभरपाई? ती तर दाव्यातली सगळ्यात लांब जात. आणि कंपनीनं नुकसान कुठं केलंय? मिरच्या कांडताना ती स्वतः पडली. चप्पल घसरली तिची."

"चप्पल न्हाई घसरली," पडदा म्हणाला. "ह्यांनी बादली मधी ठेवली होती."

तातोबांनी नाझनीनकडे पाहिलं. "हे रेकॉर्डवर घेऊ नका."

"पडण्याचं कारण फॉर्ममध्ये लिहावं लागतं काका."

"मग 'पाय घसरून' लिहा. कशावरून ते न्यायालयानं विचारलं तर बघू."

मी 'हक्क' हा शब्द काढला. तातोबांनी त्यावर थोडा विचार केला, एवढं मान्य करायला हवं.

"हक्क सांगायचा म्हणजे दावाच झाला की. समोरच्याला मान्य असता, तर सांगायला कशाला लागला असता?"

हे वाक्य मी पुढे वर्गात दोनदा वापरलं. माझं म्हणून.

"अर्ज?" मी म्हणालो.

"अर्ज चालेल. अर्जाला मी कधी नाही म्हणालो नाही." ते पहिल्यांदाच सैल झाले. "विषय काय लिहायचा?"

इथं मी काहीही सांगू शकलो असतो. पण सत्तावीस वर्षं मुलांचे पत्रलेखनाचे गुण कापलेला माणूस होतो. विषयाशिवाय अर्ज नसतो. "विषय... दाव्याच्या पूर्वमंजुरीबाबत," मी म्हणालो.

नाझनीननं डोळे मिटून घेतले.

"पूर्वमंजुरी," तातोबा हळूहळू म्हणाले. "म्हणजे दावा दाखल व्हायच्या आधीच निकाल?"

"तसंच. ऑपरेशनच्या आधीच कंपनी कळवते की पैसे देणार."

"असं कोर्ट मी तेहतीस वर्षांत पाहिलं नाही. ह्यात काहीतरी काळंबेरं आहे."

सव्वातीन झाले होते. एक नर्स पडदा सारून आत गेली आणि बाहेर आली. खाली जीपवाल्यानं उगाच एकदा हॉर्न वाजवून पाहिला. नाझनीननं पेन टेबलावर ठेवला आणि खुर्ची पुढं ओढली.

"काका, मराठी सोडा. क्लेम म्हणा. सगळे क्लेमच म्हणतात. कालपासून चार जणांनी क्लेम केला, कुणी काही विचारलं नाही."

"त्यांनी ही पत्रिका वाचली होती?"

"नाही."

"मग." ते माझ्याकडे वळले. "क्लेम म्हणजे मराठीत काय हो सर?"

मी छताकडे पाहिलं. छताला एक पंखा होता, म्हणजे प्रतीक्षेची सोय होती. माणसानं अशा वेळी खोटं बोलायला हरकत नसावी. पण समोरच्या माणसानं माझी आठ पानं पेन्सिल घेऊन वाचली होती. असा माणूस मला पुन्हा भेटणार नव्हता.

"शब्दकोशात," मी म्हणालो, "दावा."

"सर, तुम्हाला घरी काही काम असेल ना?" नाझनीन म्हणाली.

मी घरी गेलो नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिलो. तातोबा पत्रिका पुन्हा वाचू लागले. पान दोनवर त्यांनी एक प्रश्नचिन्ह काढलं होतं, ते मला तिरक्या नजरेनं दिसलं. वाक्य होतं, 'विमा म्हणजे जोखमीचे सामूहिक विभाजन होय.' मला ते वाक्य लिहिताना भरून आलं होतं.

"हे कळलं नाही का?" मी विचारलं.

"विभाजन कळलं. वाटणीचे दावे असतात की. जोखीम कोण वाटून घेईल ते नाही कळलं. जमीन घेतील, भांडी घेतील."

तेव्हा मी शब्द सोडून दिले. सोडले म्हणजे दुसरं काही उरलं नव्हतं.

"असं बघा तातोबा. चारशे सभासद आहेत. सगळे वर्षाला थोडे थोडे पैसे भरतात. कोण आजारी पडणार, कोण पाय घसरून पडणार, हे भरताना कुणालाच माहीत नसतं. वर्षभरात वीस-पंचवीस जण दवाखान्यात जातात. त्यांचा खर्च ह्या सगळ्यांच्या पैशातून होतो. कंपनी पैसे गोळा करते, हिशेब ठेवते आणि तिचं तेवढं काढून घेते."

"आणि उरलेले पावणेचारशे?"

"त्यांना काही मिळत नाही."

"म्हणजे त्यांचे पैसे बुडाले."

"ते धडधाकट राहिले."

तातोबांनी पेन्सिल कानावर ठेवली. "म्हणजे आजवर आम्ही धडधाकट होतो, तेव्हा आमच्या पैशातनं कुणाचा तरी दवाखाना झाला."

"झाला असणार."

"कुणाचा?"

"ते मला माहीत नाही."

"कासारांच्या सुनेचं बाळंतपण," नाझनीन म्हणाली. "मार्चमध्ये. मीच फॉर्म पाठवला होता."

"ती बारकी? पोरगी झाली तिला." तातोबांचा चेहरा बदलला. एवढ्या वेळात तो मी पहिल्यांदा बदललेला पाहिला. "बारशाला गेलो होतो आम्ही. माझ्या पैशातनं झालं होय?"

"थोडं थोडं."

"आणि आज?"

"आज तुमचा नंबर आलाय. फॉर्म म्हणजे एवढंच कळवायचं. की आमचा नंबर आलाय, आम्ही इथं आहोत."

"म्हणजे पुकारा झालाय आणि हजर व्हायचं."

"तसंच म्हणा."

"तसंच म्हणा काय, तसंच लिहायचं होतं की. हे पत्रिकेत कुठं हाय?"

"नाही," मी म्हणालो.

"का?"

मी खिशातून पेन काढला.

"दुसऱ्या खेपेला पहिल्या पानावर घाला," तातोबा म्हणाले. "आणि कासारांच्या सुनेचं घाला. नाव नका घालू, ती लाजेल." त्यांनी फॉर्म जवळ ओढला, चष्मा पुसला, चष्मा लावला. फॉर्म इंग्रजीत होता. ते तो वरपासून खालपर्यंत बोट फिरवत पाहत राहिले. मी नाझनीनकडे जरा विजयी मुद्रेनं पाहिलं. ती घड्याळाकडे पाहत होती. चार वाजून दहा मिनिटं.

तातोबांनी पेन उचलला. मग खाली ठेवला.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"सगळं पटलं. पण सही आपण करत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पगाराच्या आणि पेन्शनच्या सोडून आजपर्यंत केलेली नाही. तेहतीस वर्षं मी एकच वाक्य ऐकलंय, सर. 'ही सही तुमचीच का?' साक्षीदार पिंजऱ्यात, वकील कागद पुढं धरून. चांगली चांगली माणसं त्या वाक्याला घाम फुटून बसलेली पाहिलीत. कोणी मुलासाठी केलेली, कोणी मित्रासाठी. मी तेव्हाच ठरवलं, सही करायची नाही. पोराच्या लग्नाची पत्रिकासुद्धा मी हिच्या नावानं काढली."

"काका, तुम्ही नुसतं नाव लिहा," नाझनीन म्हणाली.

"त्यालाच सही म्हणतात."

"अंगठा?"

तातोबांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तिनं काढलेलं शाईचं पॅड परत खणात ठेवलं. सातवी पास माणूस होता तो.

मी पुन्हा सुरुवात केली. ही सही कर्जाची नाही, जामिनाची नाही. त्यांना ते सगळं मान्य होतं. ते मान हलवत होते, चुकलेल्या ठिकाणी मला दुरुस्तही करत होते. एकदा तर माझ्या बाजूनं एक मुद्दा त्यांनीच सुचवला. फक्त पेन टेबलावरच होता. साडेचारला जीपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. तातोबा उठले.

"तुमचं काही चुकलं नाही सर," ते म्हणाले. "पत्रिका चांगली आहे."

"अहो," पडद्याआडून आवाज आला. "तो कागद आणा इकडं."

आम्ही तिघं पडदा सारून आत गेलो. अक्काताई खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. उजव्या पायाला वजन बांधून तो दोरीनं ताणून ठेवलेला. चेहरा ओढलेला, पण डोळे टक्क उघडे. वीस वर्षं मिरचीचं कांडप चालवणाऱ्या बाईची बोटं होती त्यांची, नखांच्या कडांना तांबूस.

"सर तुम्हीच व्हय," त्या मला म्हणाल्या. "मघाधरनं ऐकतेय. फार कष्ट घेतले तुम्ही."

मी काहीतरी पुटपुटलो.

"पाय मोडलाय माझा. हात धड हाय. कुठं करायची गं सही?"

नाझनीननं पॅडवर फॉर्म लावून त्यांच्या हातात दिला आणि चौकट दाखवली.

"अगं थांब," तातोबा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा वर गेला. "सही केलीस की तू वादी झालीस."

"चाळीस वर्षं झाली की वादी होऊन. तुम्ही कधी नोटीस घेतली?"

आणि त्यांनी सही केली. सही म्हणजे पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं, पहिलीच्या वहीत काढतात तसं. 'अक्काताई तातोबा मगदूम'. चौकट 'तातोबा'पाशीच संपली. 'मगदूम' शेजारच्या डॉक्टरांच्या रकान्यात गेलं. तातोबा डोकं वाकडं करून ते पाहत होते. मग त्यांनी पायाच्या वजनाची दोरी नीट आहे का ते एकदा तपासलं.

नाझनीननं पावणेपाचला फॉर्म स्कॅन करून पाठवला.

मग वाट पाहणं. जीपवाल्याला तातोबांनी खाली जाऊन थांबायला सांगितलं, पण घरी जायला सांगितलं नाही. तिकडून चहा घेऊन आले, तीन कप आणि बशीनं झाकलेला चौथा आतल्यासाठी. चहा पिताना ते जरा मोकळे झाले होते.

"हाच तो प्रतीक्षा कालावधी न्हवं? पान पाच."

"नाही, तो वेगळा. पॉलिसी नवीन असताना काही आजारांना काही महिने खर्च मिळत नाही, तो. पडल्या-झडल्याला तो लागत नाही. पडलं तर पहिल्या दिवसापासून मिळतं."

"मग हा कुठला कालावधी?"

"हा नुसता चहा."

त्यांनी मान हलवली. पत्रिका काढून पान पाचवर काहीतरी लिहिलं. मी विचारलं नाही.

सहाला दहा मिनिटं कमी असताना नाझनीनच्या कॉम्प्युटरवर काहीतरी आलं. ती वाकून वाचत राहिली. तातोबा उभे राहिले. कोर्टात निकाल वाचताना शिपाई उभे राहत असतील, तसे.

"मंजूर," ती म्हणाली.

"पूर्ण?"

"पूर्ण. जनरल वॉर्ड घेतलाय ना तुम्ही, त्यामुळं भाड्याचीही काही अडचण नाही. स्पेशल रूम घेतली असती तर वरचं भाडं तुम्हाला भरावं लागलं असतं, आणि त्या हिशेबात बाकीच्या बिलालाही कात्री लागली असती."

"तारीख नाही पडली?"

"उद्याची पडलीय. सकाळी साडेसात."

तातोबांनी शर्ट नीट केला. वरचं बटण लागलेलंच होतं, तरी त्यावरून हात फिरवला. मग वॉर्डच्या दाराशी गेले, एका हातानं हिरवा पडदा बाजूला धरला, आणि तेहतीस वर्षं ज्या आवाजानं एक अख्खं आवार हलत असेल त्या आवाजात पुकारा केला.

"अक्काताई तातोबा मगदूम, हाजीर हो..."

वॉर्डातल्या सगळ्या बायका उठून बसल्या. ज्यांना बसता येत नव्हतं त्यांनी माना वळवल्या. वरच्या मजल्यावरून एक नर्स धावत आली. तातोबांनी तिच्याकडे लक्ष न देता दुसऱ्यांदा पुकारा केला आणि तिसऱ्यांदाही, कारण तो तीनदाच करायचा असतो.

"हाजीर," अक्काताई म्हणाल्या. "जाणार कुठं? पाय टांगून ठेवलाय."

ऑपरेशन वेळेवर झालं. पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला त्या काठी घेऊन अंगणात फिरू लागल्या, आणि पुढच्या मोसमात कांडपाशेजारी खुर्ची टाकून दुसऱ्या बायकांना सूचना देऊ लागल्या. त्या सूचना कांडपापेक्षा मोठ्या आवाजात असतात, असं तातोबा सांगत. मला त्यांनी अर्धा किलो चटणी पाठवली. माझ्या कुठल्याही लेखनाला मिळालेलं ते सर्वांत तिखट मानधन आहे.

पत्रिकेची दुसरी आवृत्ती मी त्याच उन्हाळ्यात लिहिली. चार पानांची. पहिल्या पानावर चारशे माणसं, वीस-पंचवीस दवाखाने आणि नाव न घालता एक बाळंतपण. नाव दिलं, 'आपला नंबर आल्यावर'. 'दावा' काढला, 'क्लेम' घातला. सभासद ती वाचतात. निदान बेडग्यांच्या टेबलाखाली ती अजून गेलेली नाही.

शेवटच्या पानावर एखादं खरं उदाहरण असावं, असं बेडग्यांचं म्हणणं पडलं. मी म्हणालो, मगदूमांचं घालू. विमा नीट समजावून सांगितला तर जुन्या वळणाचा माणूससुद्धा सहीला तयार होण्याच्या किती जवळ येतो, हे त्यातून दिसेल. बेडग्यांनी तपशिलासाठी सभासदांचं रजिस्टर काढलं, पान उघडलं आणि बोट ठेवलं.

"तीनशे बारा. मगदूम, अक्काताई तातोबा. एकोणीस वर्षं सभासद."

"आणि तातोबांचा नंबर?"

"ते कुठले सभासद? मलाही आत्ताच दिसतंय. ते अक्काताईंच्या कार्डावर आहेत, कुटुंबीय म्हणून."

"मग त्या दिवशी त्यांनी सही केली असती तर?"

"सही सभासदाचीच लागते," बेडगे म्हणाले. "फॉर्म परत आला असता."